एका फेरफाराची नोंद

जी व्यवस्था एकदम कोसळते तिची चौकशी तत्काळ सुरू होते, तक्रारी येतात, जबाबदार माणसे धावपळ करतात आणि सायंकाळपर्यंत कारण सापडतेही. परंतु जी व्यवस्था आतून निकामी झाल्यावरही बाहेरून कशीबशी चालत राहते, तिच्या दुखण्याची वार्ता कोणालाच लागत नाही आणि ते दुखणे वर्षानुवर्षे अंगवळणी पडून जाते. व्हिडिओ कॉलमधले चित्र आकसवून पुढे धाडणारा जो एन्कोडर, त्याच्या देखभालीवर माझी उपजीविका चालते, आणि या क्षेत्रात हा दुसरा प्रकार इतक्या सातत्याने दृष्टीस पडत आला आहे की, त्याविषयी काही विस्ताराने लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

कोविडच्या साथीनंतर पुण्याच्या कंपन्यांची कामे घेऊन जे अभियंते आपापल्या गावी स्थिरावले त्यांतलाच मी एक. आमच्या शहरातल्या गारखेडा भागात, सूतगिरणी चौक आणि गजानन महाराज मंदिर यांच्यामधल्या वस्तीत माझे घर आहे, आणि विभागीय क्रीडा संकुलाच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या मुलांचे आवाज विरून रस्त्यावर रिक्षांची वर्दळ सुरू झाली की माझ्या टेबलावर दूरदूरच्या फोनांनी पाठवलेले लॉग उघडलेले असतात. लॉग म्हणजे यंत्राने स्वतःविषयी लिहून ठेवलेले टिपण. ते वाचणारा माणूस घटनेच्या वेळी तेथे हजर नसतो. ज्याचा कॉल बिघडला तो माणूस फोन ठेवून आपल्या कामाला लागलेला असतो. आणि त्या दोघांच्या मधे सत्याचा जो काही अंश शिल्लक उरतो तो त्या ओळींमध्येच काय तो असतो.

एन्कोडरचे काम किती अवघड आहे याची कल्पना थोड्या हिशेबाने येईल. १२८० बाय ७२० ठिपक्यांचे एक चित्र, रंगांच्या बाबतीत काटकसर करणाऱ्या नेहमीच्या मांडणीनेही, १३,८२,४०० बाइट जागा व्यापते. अशी तीस चित्रे दर सेकंदाला पाठवायची म्हटली तर सेकंदाकाठी चार कोटी चौदा लाखांहून अधिक बाइट, म्हणजे सुमारे तेहेतीस कोटी बिट होतात. हा प्रचंड ऐवज पंधरा-वीस लाख बिटांत बसवायचा, तोही इतक्या त्वरेने की समोरच्या माणसाला संभाषणात खंड पडल्यासारखे वाटू नये, ही एन्कोडरची नित्याची चाकरी आहे. ज्या गणिती रूपांतराच्या आधाराने हे साधते, त्याचा मूळ निबंध बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केला, आणि आज जगातल्या बहुतेक व्हिडिओ कॉलांत त्याच कुळातील गणित चालते, ही गोष्ट आपल्याकडच्या शाळांतून सांगितली जात नाही याचे मला नेहमी वाईट वाटते.

हे काम करणारे दोन प्रकारचे कारागीर फोनमध्ये असतात. एक हार्डवेअर एन्कोडर, चिपमध्येच कोरलेला, अतिशय वेगवान, विजेच्या बाबतीत मितव्ययी, पण आपल्या अटींवर ठाम असा. चित्राची लांबी-रुंदी त्याला अमुकच मापाची हवी असते, एकाच वेळी ठरावीक संख्येपेक्षा अधिक कॉल तो पत्करत नाही, आणि दुसऱ्या एखाद्या अॅपला त्याची निकड भासली तर फोनची मूळ प्रणाली त्याला आपल्या हातून काढूनही घेते. दुसरा सॉफ्टवेअर एन्कोडर, जो मुख्य प्रोसेसरवर चालतो, कोणत्याही मापाला नाही म्हणत नाही, परंतु बॅटरी खातो आणि फोन तापवतो. गूगलने २०११ साली वेबआरटीसी हा संच सर्वांना खुला केला आणि २६ जानेवारी २०२१ रोजी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. आज असंख्य कॉल ज्या पायावर उभे आहेत तो हा पाया. त्यात या दोन कारागिरांच्या मधोमध एक वेष्टन बसवलेले आहे, आणि पहिल्याने हात टेकले की ते वेष्टन कोणालाही न विचारता काम दुसऱ्याच्या हवाली करते. यालाच आम्ही फॉलबॅक म्हणतो.

ज्याने ही योजना आखली त्याच्या शहाणपणाला मी मनापासून दाद देतो. कॉल तुटण्यापेक्षा चित्र थोडे मंद झालेले केव्हाही बरे. त्या वेष्टनाच्या चार अवस्था आहेत: अजून काहीच सुरू झालेले नाही, मुख्य एन्कोडर काम करतो आहे, अपयशामुळे पर्यायी एन्कोडर आला आहे, आणि चौथी, पर्यायी एन्कोडर मुद्दाम, सक्तीने आणलेला आहे. शेवटच्या दोन अवस्थांतला भेद बाहेरून मुळीच दिसत नाही, कारण दोन्हींत पडद्यावर चेहरा येतो आणि आवाज ऐकू येतो. परंतु एकीत योजनेप्रमाणे पाऊल उचललेले असते आणि दुसरीत काहीतरी मोडलेले असते. लहान आकाराच्या चित्रासाठी सॉफ्टवेअर एन्कोडर जाणूनबुजून निवडला जातो, कारण तेवढ्या चित्राला तो अधिक चांगला न्याय देतो. त्याला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या नोंदीत हा भेद नाही ती नोंद, माझ्या मते, निरुपयोगीच नव्हे तर दिशाभूल करणारी आहे, कारण ती वाचणारा माणूस निरोगी फोनावर औषध शोधत बसतो आणि आजारी फोन तसाच राहतो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. शेजारच्या इमारतीत एक निवृत्त मंडळ अधिकारी राहतात. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांची मुलगी जर्मनीत असते, आणि रविवारी दुपारी, तिकडची सकाळ आणि इकडचे जेवण आटोपण्याची वेळ जुळून येते तेव्हा, नातवाशी त्यांचे बोलणे होते. मे महिन्यात गारखेड्यातला पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही, आणि अशा वेळी काकांचा कॉल सुरुवातीची काही मिनिटे स्वच्छ चाले, मग चित्र एकाएकी गढूळ होई, फोन हातात धरवेनासा होई आणि बॅटरी पाहता पाहता उतरे. घरातल्या मंडळींनी आपापले निदान सांगून टाकले होते: कोणी म्हणे फोन जुना झाला, कोणी म्हणे ऊन आहे, कोणी इंटरनेटवाल्याला बोल लावी. काका वापरत असलेले अॅप ज्या संचावर बांधलेले होते त्याच्या देखभालीत माझा वाटा असल्यामुळे, त्यांच्या अनुमतीने मी त्यांच्या फोनमधला लॉग काढून पाहिला. त्यात या सगळ्या प्रकरणाविषयी एवढी एकच ओळ होती: एन्कोडर सॉफ्टवेअरवर परतला.

ती ओळ मी काकांना मराठी करून वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावला, माझ्या संगणकाच्या पडद्यावर ती स्वतः पाहिली, आणि जरा थांबून विचारले, "इंजिनिअर साहेब, खातेदार बदलला हे समजलं. पण कशानं बदलला? वारसानं, खरेदीनं का वाटणीनं? आधार लिहिला नसता तर असा फेर मी कधी मंजूर केला नसता."

ज्यांनी आयुष्यभर गाव नमुना सहा, म्हणजे जमिनीची फेरफार नोंदवही, हाताळला त्यांनाच हा प्रश्न इतक्या सहजतेने सुचावा. फेरफार नोंदवहीत तलाठी जी नोंद घेतो तिला अनुक्रमांक असतो. संपादन झालेल्या अधिकाराचे स्वरूप काय ते लिहावे लागते. कोणत्या भूमापन क्रमांकावर त्याचा परिणाम झाला हे नमूद करावे लागते. आणि मंडळ अधिकाऱ्याने तपासून शेरा दिल्यावाचून ती नोंद पक्की होत नाही. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली एवढे सांगून तेथे कोणाचे समाधान होत नाही, कारण पुढे चाळीस वर्षांनी वाद निर्माण झाला तर त्या वेळी हयात नसलेल्या माणसांच्या वतीने त्या वहीलाच बोलावे लागते. एन्कोडरच्या हस्तांतराला चाळीस वर्षांची प्रतीक्षा नसते, चाळीस मिनिटांत फोन बंद होऊन सर्व पुरावा नाहीसा होतो. म्हणून तर त्याची नोंद अधिकच परिपूर्ण असायला हवी.

काकांच्या त्या प्रश्नानंतर आम्ही जी नवी नोंद रचली ती हस्तांतर घडते त्याच क्षणी लिहिली जाते. कोणता एन्कोडर सोडला आणि कोणता स्वीकारला यांची नावे, कोडेक, म्हणजे चित्र आकसवण्याची पद्धत, कोणते, चित्राची लांबी-रुंदी, सेकंदाला किती चौकटी, म्हणजे चित्रे, बिटांचे ध्येय किती, अपयश प्रारंभीच आले की चालू कामात, चालू कामात आले असल्यास त्यापूर्वी किती चौकटी सुखरूप गेल्या, खालच्या थरातून आलेला मूळ परतसंकेत, म्हणजे अपयशाचे कारण सांगणारा आकडा, काय, आणि पर्यायी एन्कोडर तरी नीट उभा राहिला की नाही, हे सारे तीत येते. शेवटचा तपशील क्षुल्लक वाटेल, पण मोबाइलसाठी केलेल्या कित्येक बांधण्यांत एच.२६४ या कोडेकसाठी सॉफ्टवेअर एन्कोडरच समाविष्ट नसतो, आणि अशा ठिकाणी हार्डवेअरने नकार दिला की मागे परतायला जागाच उरत नाही. मग व्हीपी८ सारख्या दुसऱ्या कोडेककडे वळावे लागते किंवा चित्र थांबते. व्हीपी८ आणि एच.२६४ ही दोन्ही कोडेके सर्वांनी ठेवावीत असा तोडगा आयईटीएफ या संस्थेने बऱ्याच वादानंतर काढला आणि २०१६ साली तो लेखी नियमात उतरला, तो अशा प्रसंगी किती कामास येतो हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून कळत नाही.

सर्वांत जास्त श्रम मूळ परतसंकेत टिकवून धरण्यात गेले. चिपच्या ड्रायव्हरपासून कॉलच्या पडद्यापर्यंत थर फार आहेत, आणि प्रत्येक थर खालून आलेले कारण आपल्या तुटपुंज्या शब्दसंग्रहात बसवून वर धाडतो. अँड्रॉइडच्या मीडियाकोडेकमध्ये एखादी चूक उद्भवली तर ती तात्पुरती आहे का, तीतून सावरता येईल का, साधनसामग्री अपुरी पडली का, की दुसऱ्या अॅपसाठी एन्कोडर काढून घेतला गेला, हे सारे विचारण्याची सोय आहे. शिवाय निदानासाठी ठेवलेले एक स्वतंत्र वाक्यही मिळते. परंतु हा तपशील दोन थर चढून वेष्टनापाशी पोचेपर्यंत त्याचा बहुधा एक उणे आकडा झालेला असतो. उणे एक म्हणजे सर्वसाधारण चूक, उणे तेरा म्हणजे सॉफ्टवेअरकडे जा असा हुकूम. या दोन आकड्यांखाली किती निरनिराळी दुःखे झाकली जातात याची गणतीच नाही. कारण वर येता येता झिजते. ते जिथे जन्मते तिथेच लिहून घ्यावे, आणि वरच्या थरातील नोंदीला त्याच क्रमांकाने जोडावे, हा नियम आम्ही केला, आणि तो केल्यापासून वाचणाऱ्याला दोन ओळी शेजारी ठेवून पाहता येतात.

काकांच्या फोनवर नवी नोंद बसवल्यानंतरच्या रविवारी जो लॉग आला तो मी तेव्हाच उघडला. टप्पा, पुनःस्थापना, म्हणजे चालू कामात एन्कोडर पुन्हा उभा करताना. सोडलेला एन्कोडर, हार्डवेअर. परतसंकेत, उणे पाच, म्हणजे आकाराबाबतचा नकार. चित्राचे माप, ९६० बाय ५४०. त्या मापापाशी नजर खिळली आणि सगळा प्रकार उलगडला. एच.२६४ आणि व्हीपी८ ही कोडेके चित्राचे सोळा बाय सोळा ठिपक्यांचे तुकडे पाडून काम करतात. कॉल सुरू होई तेव्हा माप १२८० बाय ७२० असे. ८० आणि ४५ तुकडे, बाकी काही उरत नाही. उन्हाने फोन तापला, प्रोसेसर मंदावला, म्हणून चित्राचा भार हलका करण्यासाठी संचाने नेमाप्रमाणे माप तीन-चतुर्थांश केले, ते झाले ९६० बाय ५४०; आणि ५४० ला सोळाने भाग जात नाही. त्या विशिष्ट फोनातला हार्डवेअर एन्कोडर सोळाच्या पटीखेरीज दुसरे माप घेत नसे. आपली ही अट वरच्या थराला आधी कळवण्याची सोय संचात आहे, पण त्या फोनाच्या बाबतीत ती कळवली गेली नव्हती. मग काम सॉफ्टवेअरकडे गेले, त्याने फोन आणखी तापवला, म्हणून माप आणखी उतरवले गेले; ६४० बाय ३६०, पुढे ४८० बाय २७०, शेवटी ३२० बाय १८०, आणि यांपैकी एकाही उंचीला सोळाने भाग जात नसल्यामुळे हार्डवेअरकडे परत जाण्याची वाट प्रत्येक पायरीवर बंदच राहिली. उष्णतेवर उपाय म्हणून उचललेले पाऊलच उष्णता वाढवीत होते, आणि बिचारा फोन, ऊन, इंटरनेट यांच्या माथी दोष मारला जात होता. अट वर कळवण्याची दुरुस्ती फार लहान होती. माप ९६० बाय ५२८ केले की ३३ तुकडे पूर्ण बसतात.

एवढ्याशा गोष्टीसाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. नातवाचा चेहरा स्पष्ट दिसणे ही एवढीशी गोष्ट आहे असे मी मानत नाही. पण तिच्या पलीकडेही पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल बी. देसाई या प्रकरणात २००३ साली असा निर्णय दिला की, दूरदेशी असलेल्या साक्षीदाराची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने नोंदवता येते आणि तेवढ्यापुरता तो न्यायालयासमोर हजर आहे असे धरता येते. योगायोग असा की एच.२६४ हे मानकही त्याच वर्षी संमत झाले. उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ पासून आमच्या शहरात आहे, आणि जालना रोडवरून जाताना त्या इमारतीकडे पाहिले की, साक्षीदाराच्या चेहऱ्यावरून न्यायाधीशाला जे काही उमगायचे ते आता एका एन्कोडरच्या हातून जाते, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही. ई-संजीवनी ही शासनाची दूरवैद्यकीय सेवा २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, ती सी-डॅकच्या मोहाली केंद्राने घडवली, आणि तिच्यामुळे खेड्यातल्या आरोग्य केंद्रात बसलेल्या रुग्णाला दूरच्या डॉक्टरचा सल्ला मिळू लागला. अशा कोणत्याही भेटीत अंगावरचा पुरळ दाखवण्यासाठी एखादी आई बाळाला कॅमेऱ्यापुढे धरते तेव्हा चित्र १८० ओळींचे आहे की ७२० ओळींचे, याने फार मोठा फरक पडतो. आणि चित्र आकसले तर का आकसले, हे नंतर कोणीतरी सांगू शकले पाहिजे. वेबआरटीसीच्या आकडेवारीत गुणवत्ता कशाने मर्यादित झाली याचे उत्तर मिळते खरे, प्रोसेसर, बँडविड्थ, अन्य काही, की काहीच नाही. पण "प्रोसेसर" हे उत्तर वाचून काकांच्या फोनचे रहस्य कधीच उलगडले नसते.

नोंद विपुल असावी याचा अर्थ ती उधळी असावी असा मात्र नव्हे. दर चौकटीला एक ओळ लिहिली तर तासाभरात १,०८,००० ओळी होतील, आणि त्या गर्दीत खरी ओळ बुडून जाईल. म्हणून हस्तांतराच्या क्षणी एकच सविस्तर ओळ, आणि पुढे तीच चूक पुन्हा आली तर केवळ मोजणी. तसेच फोनच्या मालकाची काही गोष्ट त्या ओळीत नसावी, याबाबत मी अत्यंत आग्रही आहे. कोण कोणाशी बोलले, कुठून बोलले, पडद्यावर काय होते, यांतले अक्षरही तीत येता कामा नये. एन्कोडरच्या नावासारखा निरुपद्रवी तपशीलदेखील इतर तपशिलांशी जुळवून एखादा फोन ओळखण्यास उपयोगी पडू शकतो, म्हणून वेबआरटीसीच्या मानकाने ते नाव कोणत्याही पानाला सरसकट दाखवण्यास मनाई केली आहे. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो नसता तरी काकांनी ज्या विश्वासाने फोन माझ्या हाती दिला तो विश्वास मला पुरेसा बंधनकारक होता.

सध्या मी परतीच्या नोंदीवर काम करीत आहे. चित्राचे माप किंवा इतर काही मांडणी बदलली की ते वेष्टन आधी हार्डवेअरचे दार पुन्हा ठोठावते, आणि ते उघडले तर काम निमूटपणे मूळ मालकाकडे जाते. ही परत जाण्याची घटना आमच्या लॉगमध्ये अद्याप कोठेच लिहिली जात नाही, त्यामुळे एकाच कॉलमध्ये काम कितीदा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेले हे सांगता येत नाही. आणि अशा प्रत्येक येरझारीत नवे पूर्ण चित्र पाठवावे लागत असल्याने समोरच्याला क्षणभर धक्का बसतो तो वेगळाच. मसुद्यात मी गेलेल्या आणि आलेल्या दोन्ही नोंदींना एकच अनुक्रमांक पुढे चालवण्याची योजना केली आहे, पण कॉलच्या मध्यात फोनच्या प्रणालीने अॅप पार्श्वभूमीला ढकलले आणि एन्कोडर काढून घेतला तर तो अनुक्रमांक तोच ठेवावा की नवा द्यावा, याबाबत सहकाऱ्यांत एकमत झालेले नाही. माझे मत तोच ठेवावा असे आहे, आणि येत्या आठवड्यातील बैठकीत त्यासाठी मी काकांच्या फोनचाच लॉग, त्यांची परवानगी घेऊन, सर्वांसमोर ठेवणार आहे.